एका भाराचा फरक

जीवरसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास असे. ‘पीएच एक असताना लायसीन या अमिनो आम्लावर निव्वळ विद्युतभार किती? सात असताना किती? आणि बारा असताना?’ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तीन आकडे पाठ केलेले असत. ते तो धडाधड म्हणून दाखवी आणि परीक्षा संपताच विसरून जाई. पुढे रुग्णशय्येपाशी उभे राहायचे आहे, तिथे या गणिताचे काय काम, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असे. इंदूरच्या एम.जी.एम. वैद्यकीय महाविद्यालयात १९४८ पासून किती तुकड्यांनी हे गणित केले आणि सोडून दिले, त्याची मोजदाद नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीतून आली, त्यांत जीवरसायनशास्त्राचेही होते. भाषा बदलली, प्रश्न मात्र तोच राहिला.

प्रस्तुत लेखाचा विषय हेच गणित आहे. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी आणि खरगोन या जिल्ह्यांतून इंदूरला येणाऱ्या कितीतरी मुलांच्या निदानाचा कागद याच गणितावर उभा असतो. कागद वाचणारा ते विसरला असेल, तर मुलाच्या नावापुढे भलत्याच आजाराचे नाव लागू शकते. पुढचे दोन-तीन परिच्छेद समाजातील वैद्यकेतर वाचकांसाठी आहेत असे समजून डॉक्टर मंडळींनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

प्रथिन ही एक माळ मानली तर अमिनो आम्ले हे तिचे मणी होत. मणी सुटा असतो तेव्हा त्याला दोन टोके असतात, एक अमिनो आणि दुसरे कार्बोक्सिल. अमिनो टोकाने प्रोटॉन धरून ठेवला की त्याच्यावर धन भार असतो आणि प्रोटॉन सोडला की ते भाररहित होते. कार्बोक्सिल टोकाचे नेमके उलटे आहे. प्रोटॉन धरलेला असताना ते भाररहित असते, सोडला की ऋण होते. काही मण्यांना याखेरीज एक तिसरा हातही असतो. ग्लुटामिक आम्लाला जादा कार्बोक्सिल, लायसीनला जादा अमिनो, हिस्टिडीनला इमिडाझोल नावाचे एक वलय. व्हॅलीनसारख्या मण्याला असा हातच नाही. त्याची पार्श्वशाखा तेलकट आणि पाण्यापासून अंग चोरणारी आहे.

पीएच हा अंक प्रोटॉनांची वर्दळ सांगतो. अंक लहान असेल तर वर्दळ जास्त. इंदूरकरांना हे सांगणे सोपे आहे. कमी पीएच म्हणजे रात्री दहाचा सराफा आणि जास्त पीएच म्हणजे पहाटे चारचा. रात्री दहाला एकही बाकडे रिकामे सापडत नाही, म्हणजेच प्रत्येक हातात प्रोटॉन असतो. गर्दी ओसरू लागली की एकेक हात आपला प्रोटॉन सोडतो, पण सगळे एकदम नव्हे. प्रत्येकाची सोडण्याची वेळ ठरलेली असते आणि तिला पीके म्हणतात. कार्बोक्सिल टोक साधारण २ च्या आसपास सोडते, ग्लुटामिक आम्लाचा जादा हात सुमारे ४.२ ला, हिस्टिडीनचे वलय सुमारे ६ ला, अमिनो टोक ९.५ च्या सुमारास आणि लायसीनचा जादा हात १०.५ ला. त्या नेमक्या पीएचला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन धरलेला असतो आणि निम्म्यांनी सोडलेला असतो. पीएच पीकेच्या एक अंक वर गेला की अकरांपैकी दहांनी सोडलेला असतो आणि दोन अंक वर गेला की शंभरांपैकी नव्व्याण्णवांनी. हे दुसरे तिसरे काही नसून हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण आहे. अतिदक्षता विभागात धमनीतील रक्तवायूंचा अहवाल हाती आला की बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याबाबत आपण रोज तेच वापरतो.

आता उत्तर पाठ करण्याची गरज उरत नाही. प्रत्येक हाताला विचारावे, तुझा पीके पीएचच्या वर की खाली? वर असेल तर प्रोटॉन हातात आहे, खाली असेल तर सुटला आहे. मग धन आणि ऋण यांची बेरीज करावी. ग्लुटामिक आम्लावर पीएच १ ला अधिक एक, ७ ला उणे एक आणि १२ ला उणे दोन भार येतो. लायसीनवर अनुक्रमे अधिक दोन, अधिक एक आणि उणे एक. व्हॅलीनवर अधिक एक, शून्य, उणे एक. बेरीज नेमकी शून्य होते त्या पीएचला समविद्युत बिंदू म्हणतात. ग्लुटामिक आम्लाचा तो ३.२, व्हॅलीनचा सुमारे ६ आणि लायसीनचा ९.७ आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. मणी माळेत ओवला गेला की त्याची दोन्ही टोके शेजाऱ्यांच्या टोकांत गुंतून जातात आणि त्यांचा भार हिशेबातून बाद होतो. उरतो फक्त तिसऱ्या हाताचा भार. म्हणून माळेतील एखादे ग्लुटामिक आम्ल काढून तिथे व्हॅलीन बसवले, तर रक्ताच्या पीएचला त्या जागी उणे एकच्या ऐवजी शून्य येते. पुढची सगळी कथा या एका भाराच्या फरकाची आहे.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनेडा बेटावरून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या पेशी प्रथम पाहिल्या होत्या त्यांचे कनिष्ठ सहकारी अर्नेस्ट आयर्न्स यांनी, १९०४ मध्ये. पुढची तीसेक वर्षे हा पेशींचा रोग मानला गेला. १९४५ मध्ये हार्वर्डचे विल्यम कॅसल यांच्याकडून लायनस पॉलिंग यांना कळले की प्राणवायू कमी झाला की या पेशी वाकड्या होतात आणि तो मिळाला की पुन्हा सरळ होतात. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ होते, रुग्ण तपासणारे नव्हते. त्यांनी तत्काळ तर्क केला की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच असला पाहिजे. ते काम त्यांनी हार्वे इटानो या तरुण डॉक्टरकडे सोपवले. या इटानोंची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९४२ साली बर्कले विद्यापीठाचे सर्वोच्च पदक त्यांना जाहीर झाले, पण ते घ्यायला ते हजर राहू शकले नाहीत, कारण जपानी वंशाचे अमेरिकन म्हणून त्यांची रवानगी सक्तीच्या छावणीत झाली होती.

इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनचे द्रावण विद्युतक्षेत्रात ठेवले आणि पीएच बदलत बदलत ते कोणत्या ध्रुवाकडे सरकते हे पाहिले. निरोगी माणसाच्या कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिनचा समविद्युत बिंदू ६.८७ निघाला आणि सिकलसेल रुग्णाच्या हिमोग्लोबिनचा ७.०९. म्हणजे पीएच ७ च्या आसपासच्या एका अरुंद पट्ट्यात एक हिमोग्लोबिन ऋण आणि दुसरे धन असते. दोघे परस्परविरुद्ध दिशांना चालू लागतात. पालकांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या वाहकाच्या रक्तात दोन्ही हिमोग्लोबिने सापडली. नोव्हेंबर १९४९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच या आजाराला रेणूचा रोग म्हटले होते. वैद्यकात हे प्रथमच घडत होते. त्या निबंधातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांनी केलेले भाकीत. कोणते अमिनो आम्ल बदलले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. हिमोग्लोबिनच्या माळेतील मण्यांचा क्रमही तेव्हा कोणाला माहीत नव्हता. तरी केवळ समविद्युत बिंदूतील फरकावरून त्यांनी सांगितले की रुग्णाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूवर दोन ते चार धन भार जास्त असले पाहिजेत. तोंडी परीक्षेतला प्रश्न त्यांनी उलट्या दिशेने सोडवला होता.

भाकिताची शहानिशा केली केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी, १९५६ आणि १९५७ साली. हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिनने तुकडे करायचे, ते कागदावर एका दिशेने विजेच्या साहाय्याने आणि दुसऱ्या दिशेने द्रावकाच्या साहाय्याने पसरवायचे, आणि उमटलेल्या ठिपक्यांच्या दोन नकाशांची तुलना करायची, अशी त्यांची पद्धत होती. सगळे ठिपके जुळले, एक सोडून. तो ऋण ध्रुवाकडे अधिक सरकला होता. त्या तुकड्याची फोड केल्यावर कळले की बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आहे. एका अल्फा आणि एका बीटा साखळीत मिळून २८७ मणी असतात, त्यांतला एक बदललेला. हिमोग्लोबिनच्या रेणूत बीटा साखळ्या दोन असतात, म्हणून एकूण फरक दोन भारांचा. पॉलिंग यांचा अंदाज दोन ते चार होता.

हा रोग आपल्या देशात आहे हे कळायला १९५२ उजाडावे लागले. त्या वर्षी निलगिरीतील आदिवासींत आणि आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत विळ्याच्या पेशी आढळल्या. १९५६ मध्ये मुंबईच्या सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातील काही जमातींविषयी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले. हे काम परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातले, जे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले होते. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांची मध्य भारताविषयीची टिपणी ‘लॅन्सेट’मध्ये आली. ज्या पट्ट्याचे चित्र त्यातून पुढे आले तो सलग आहे. दक्षिण गुजरात, नंदुरबार, सातपुडा, निमाड, झाबुआ, आणि पूर्वेकडे विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा. एकेकाळी हिवतापाने गांजलेल्या या प्रदेशात वाहकांना हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून संरक्षण मिळत असे. ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखवलेली गोष्ट इथेही लागू पडते. जंगलातील हिवतापाने निवडून ठेवलेले हे जनुक आहे.

आता इंदूरच्या प्रयोगशाळेत येऊ. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसची नेहमीची पद्धत ८.६ पीएचच्या बफरमध्ये सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर केली जाते. ८.६ च का? कारण हिमोग्लोबिनचा समविद्युत बिंदू ७ च्या जवळ आहे. पीएच त्याहून पुरेसा वर ठेवला की सगळी हिमोग्लोबिने ऋण होतात आणि एकाच दिशेने, धन ध्रुवाकडे, धावतात. शर्यतीत वेग फक्त भाराचा. नेहमीचे ‘ए’ सर्वांत ऋण म्हणून सर्वांत पुढे. त्यामागे गर्भातील ‘एफ’. त्यामागे दोन ऋण भार गमावलेले ‘एस’. सर्वांत मागे ‘ए-दोन’, आणि त्याच्याच ओळीत ‘सी’ आणि ‘ई’. या दोघांत ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसीन आलेले असते, म्हणजे उणे एकच्या जागी अधिक एक, आणि रेणूमागे फरक चार भारांचा. आकडेमोड कळली की पट्टीवरचा हा क्रम न पाहताही सांगता येतो.

आणि याच आकडेमोडीमुळे पट्टी कुठे फसवते तेही कळते. ‘डी-पंजाब’ नावाचे एक हिमोग्लोबिन आहे. त्यात बीटा साखळीच्या १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामीन असते. जागा वेगळी, मणी वेगळा, पण भाराचा फरक तोच, उणे एकच्या ऐवजी शून्य. त्यामुळे ८.६ पीएचच्या पट्टीवर ‘डी’ आणि ‘एस’ एकाच रेषेवर थांबतात. पट्टीला भार कळतो, नाव कळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका पंजाबी व्यापारी कुटुंबातील सात वर्षांच्या मुलीचा अहवाल माझ्याकडे आला. हिमोग्लोबिन कमी म्हणून कुठेतरी इलेक्ट्रोफोरेसिस केले होते आणि त्यावर ‘सिकलसेल वाहक’ असे लिहिले होते. खाली वय नाही, कुटुंबाचा उल्लेख नाही, दुसऱ्या तपासणीची शिफारस नाही. घरात दोन महिने चिंतेचे वातावरण होते. मुलीचे खेळणे बंद झाले होते. आजीने तर तिच्या लग्नाची काळजी आतापासून सुरू केली होती. पंजाबी कुटुंब आणि सिकलसेल ही जोडी मला पटेना. विद्राव्यता चाचणी केली, ती नकारात्मक आली. एच.पी.एल.सी. केले, तिथे ‘डी’ आपल्या वेगळ्या वेळी स्तंभातून बाहेर पडले. वडीलही त्याच हिमोग्लोबिनचे वाहक निघाले. ‘डी’च्या वाहकाला कोणताही आजार नसतो. मुलीला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ती बरी झाली. रक्तक्षय लोहाचाच होता.

उलट बाजू याहून गंभीर आहे. एका पालकाकडून ‘एस’ आणि दुसऱ्याकडून ‘डी-पंजाब’ आले, तर होणारा आजार खरा सिकलसेल आजार असतो आणि बहुधा तीव्र असतो. पट्टीवर मात्र एकच पट्टा दिसतो, कारण दोघांचा भार सारखा. म्हणून आम्लधर्मी माध्यमात, ६.२ पीएचच्या सायट्रेट अगरवर, दुसरी पट्टी चालवण्याची प्रथा आहे. तिथे ‘डी’ ‘ए’बरोबर जाते आणि ‘एस’ वेगळे पडते. या पट्टीवर नुसता भार नव्हे, तर बदललेली जागा अगरशी किती सलगी करते हेही महत्त्वाचे असते. इंदूरमध्ये सिंधी कुटुंबांची वस्ती मोठी आहे आणि त्यांच्यात बीटा थॅलेसेमियाचे वाहक बरेच. ‘एस’ आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र आले तरी पट्टीवर जवळजवळ ‘एस-एस’चेच चित्र उमटते. आईवडिलांचे रक्त तपासल्याखेरीज अशा मुलाला पक्के नाव देऊ नये, असे माझे मत आहे. तीन नळ्यांचा खर्च एका नळीपेक्षा जास्त असतो हे मान्य, पण चुकीच्या नावाचा खर्च जन्मभर चालतो.

इथे एक प्रश्न साहजिक आहे. भार गमावल्यानेच आजार होतो का? ‘डी’ भार गमावूनही निरुपद्रवी राहते आणि ‘सी’ तर त्याच सहाव्या जागी दुप्पट भार बदलूनही पेशीला विळा बनवत नाही. म्हणजे भार ही ओळख आहे, कारण नव्हे. कारण आहे व्हॅलीनचा तेलकटपणा. प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर फेनिलॲलनीन आणि ल्युसीन यांची एक खोबण उघडते आणि शेजारच्या रेणूचे व्हॅलीन तिच्यात चपखल बसते. एकाला एक रेणू चिकटून लांबलचक तंतू तयार होतात आणि पेशी ताठ होते. पाण्यात मिसळणारा, ऋण भाराचा ग्लुटामिक हात तिथे असता तर खोबणीत शिरलाच नसता.

भाराचे गणित शरीराच्या पीएचला खरोखर जिवंत होते ते हिस्टिडीनमध्ये. इतर सगळ्या हातांचे पीके रक्ताच्या ७.४ पासून दूर आहेत. ते आपला प्रोटॉन पक्का धरून असतात किंवा पक्का सोडून. हिस्टिडीन एकटे उंबरठ्यावर उभे असते. शेजारी कोण आहे यावर त्याचा पीकेही सरकतो. बीटा साखळीच्या शेवटच्या, १४६ व्या जागेवरील हिस्टिडीनचा पीके प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनमध्ये साधारण ७ असतो. प्राणवायू गेला की जवळच्या ऋण हाताच्या सहवासात तो साधारण ८ होतो. ७.४ ला पहिल्या स्थितीत शंभरांपैकी अठ्ठावीस रेणू प्रोटॉन धरतात, दुसऱ्या स्थितीत ऐंशी. हाच बोर परिणाम. ऊतकांत आम्लता वाढली की प्रोटॉन हिस्टिडीनवर बसतात, हिमोग्लोबिन प्राणवायू सोडते आणि स्नायूंना तो मिळतो. निरोगी मुलासाठी ही उत्तम व्यवस्था आहे. सिकलसेलच्या मुलात मात्र सुटलेला प्रत्येक प्राणवायू एक खोबण उघडतो. जुलाब, ताप, निर्जलीकरण, थंडी किंवा दमवणारे श्रम यांनंतर वेदनेचा झटका का येतो, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. पावसाळ्यात जुलाब झालेले मूल अलीराजपूरहून बसने इंदूरला येते आणि वाटेतच हात-पाय दुखू लागतात, तेव्हा त्याला वेदनाशामकाइतकीच पाण्याची आणि उबेचीही गरज असते.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने याहून सुंदर उदाहरण गर्भातील हिमोग्लोबिनचे आहे. तांबड्या पेशीत बायफॉस्फोग्लिसरेट नावाचा, भरपूर ऋण भाराचा एक छोटा रेणू असतो. तो दोन बीटा साखळ्यांमधील फटीत शिरतो, कारण तिथे धन हात वाट पाहत असतात. तो शिरला की हिमोग्लोबिन प्राणवायू सहज सोडते. गर्भात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि तिच्या १४३ व्या जागी हिस्टिडीनऐवजी सेरीन असते, ज्याला धन भार नाही. फटीतील दोन धन हात कमी झाले, ऋण रेणूची पकड सैल झाली आणि गर्भाचे हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरू लागले. वारेपाशी आईच्या रक्तातून बाळाकडे प्राणवायू ओढला जातो त्यात या दोन भारांचा मोठा वाटा आहे.

हेच गर्भातले हिमोग्लोबिन सिकलसेलच्या बाळाचे पहिले काही महिने रक्षण करते, कारण ते तंतूंत सामील होत नाही. जन्मतः त्याचे प्रमाण ६० ते ८० टक्के असते. सहा महिन्यांच्या सुमारास ते ओसरते आणि मग एके दिवशी बाळाचे दोन्ही हात, दोन्ही पाय सुजतात. प्लीहा अचानक मोठी होऊन काही तासांत बाळ पांढरेफटक पडू शकते. जंतुसंसर्गाचा धोका याच वयात सर्वाधिक असतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत तोंडाने दिलेल्या पेनिसिलीनमुळे न्युमोकॉकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला होता. म्हणून निदान लक्षणांच्या आधी, शक्य तर जन्माच्या वेळीच व्हायला हवे. पण गावोगाव वापरली जाणारी स्वस्त विद्राव्यता चाचणी सहा महिन्यांखालील बाळात भरवशाची नाही. ‘एस’ इतके थोडे असते की द्रावण गढूळच होत नाही. शिवाय मोठ्या मुलात ती सकारात्मक आली तरी वाहक की रुग्ण हे ती सांगत नाही. नवजात बाळासाठी एच.पी.एल.सी.सारखी, भारावर आधारलेली तपासणीच हवी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुलांना देतो त्यामागचा प्रमुख हेतूही गर्भातल्या हिमोग्लोबिनला पुन्हा जागे करणे हाच आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुकसंपादनाची उपचारपद्धतीदेखील तेच करते, फक्त तिची किंमत आपल्या रुग्णांच्या स्वप्नातही येणार नाही.

जाता जाता मधुमेहतज्ज्ञ मित्रांसाठी एक. आपण रोज लिहून देतो ती एच.बी.ए.वन.सी. तपासणी याच गणिताची आहे. बीटा साखळीच्या पहिल्या व्हॅलीनच्या अमिनो टोकाला ग्लुकोज चिकटते, त्या टोकाचा धन भार झाकला जातो आणि तो रेणू स्तंभातून लवकर बाहेर पडतो. म्हणूनच सिकलसेलच्या वाहकात काही यंत्रांवर हा आकडा चुकीचा येऊ शकतो, आणि रुग्णात तर पेशींचे आयुष्यच तोकडे असल्याने त्यावर विसंबू नये. बडवानीकडील मधुमेह्याची साखर आणि हा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर औषध बदलण्याआधी आलेख पाहावा.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशात हिमोग्लोबिनविषयक राज्य अभियान झाबुआ आणि अलीराजपूर येथून सुरू झाले. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय अभियानाची घोषणा झाली. बाधित भागांतील शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या आजाराचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांना कार्ड दिले जाते. दोन वाहकांनी लग्न केल्यास प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण मूल होण्याची असते, हे कार्डाच्या आधारे समजावता येते. उपक्रम मोलाचा आहे. परंतु वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे समजावायला कार्डापेक्षा माणूस लागतो, आणि आदिवासी मुलीच्या हाती ‘वाहक’ असे लिहिलेले कार्ड पडले की तिचे लग्न मोडते, अशा गोष्टी माझ्या कानावर येतात.

आपल्या समाजातील वाचकांना हा दूरच्या पाड्यांचा आजार वाटत असेल. तसे नाही. विदर्भात आदिवासी नसलेल्या अनेक समाजांतही ‘एस’ चांगलेच पसरलेले आहे आणि तिथले रुग्ण पुष्कळदा अधिक त्रासात असतात; भारतातील सिकलसेल सौम्य असतो हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांचे सोयरे नागपूर, अमरावती, चंद्रपूरकडे आहेत. लेकीसुना तिकडून येतात आणि तिकडे जातात. मुलाला वारंवार हाडे दुखणे, कावीळ आणि रक्तक्षय असेल, तर आडनाव पाहून ही तपासणी टाळू नये.

तपासणी लिहून देताना डॉक्टरांनी कागदावर चार गोष्टी जरूर लिहाव्यात. बाळाचे वय, कारण ‘एफ’चा अर्थ वयावर ठरतो. मूळ गाव आणि समाज, कारण ‘एस’ आणि ‘डी’ यांत निवड करताना प्रयोगशाळेला ते हवे असते. आईवडिलांचे आधीचे अहवाल असल्यास तेही. आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर त्याची तारीख. चढवलेल्या रक्तातले ‘ए’ पट्टीवर सर्वांत पुढे जाऊन उभे राहते, आणि ‘एस-एस’चे मूल कागदावर वाहक होऊन घरी जाते.